बारा बोअर हातात घेताना: बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे स्वतः कसं पाहायचं

सोलापूर जिल्ह्यात बारा बोअरची बंदूक साधारण तीन ठिकाणी भेटते. बँकेच्या दारात किंवा साखर कारखान्याच्या गेटवर रखवालदाराच्या खांद्याला, वस्तीवरच्या घरात आजोबांच्या काळापासून कपाटामागे उभी केलेली, आणि नुकताच परवाना मिळालेल्या माणसाच्या हातात. तिन्ही ठिकाणी बंदूक देणारा हमखास म्हणतो, "घ्या, रिकामीच आहे." देणारा खोटं बोलत नसतो. त्याला तसं वाटत असतं, एवढंच. पण त्याचं वाटणं तुमच्या कामाचं नाही. बंदूक उघडून, आत डोळ्याने बघून आणि बोटाने चाचपून जे कळतं तेवढंच धरायचं. ते कसं करायचं, कुठे फसायला होतं आणि का, हे इथे सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच. हा लेख वाचून बंदूक शिकता येत नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्यासाठी शस्त्र हाताळणीचं आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण आहे. ते मनापासून घ्या. तिथे जे पटापट सांगून होतं, ते इथे सावकाश वाचा.

आधी बंदूक ओळखा

इकडे सगळ्यात जास्त दिसते ती दुनळी. परवान्यावर तिला डीबीबीएल लिहिलेलं असतं. तिचीच धाकटी बहीण एकनळी, म्हणजे एसबीबीएल. दोन्ही मधोमध मोडतात आणि काडतूस मागून भरलं जातं. पंप ॲक्शनमध्ये मुख्य नळीखाली दुसरी बारीक नळी असते. ती मॅगझिन, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात आणि पुढचा पकडीचा भाग मागे-पुढे केला की चेंबरमध्ये येतात. चौथी ठासणीची. दारू, बोळा, छर्रे सगळं पुढून तोंडातून ठासायचं, परवान्यावर एसबीएमएल किंवा डीबीएमएल. तपासायची पद्धत प्रत्येकीची वेगळी. दुनळी येते म्हणून पंप येईलच असं समजू नका.

अंगांची नावं थोडी, पण नक्की माहीत हवीत. खांद्याला लागतो तो दस्ता. बोटाने ओढायचा तो चाप, त्याच्याभोवतीची धातूची कडी म्हणजे ट्रिगर गार्ड. जुन्या बंदुकांना बाहेरून दिसणारा हातोडीसारखा भाग असतो, तो घोडा. दुनळीच्या वरच्या बाजूला अंगठ्याने उजवीकडे सरकवायची कळ म्हणजे टॉप लिव्हर, तिच्या मागे सेफ्टीचं बटण. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा चेंबर, आणि बंदूक उघडल्यावर काडतुसाची कड वर उचलणारा भाग एक्स्ट्रॅक्टर. दोन चाप असतील तर बहुतेक बंदुकांत पुढचा उजवी नळी उडवतो, मागचा डावी.

हात लावण्याआधी

पहिलं म्हणजे नळीचं तोंड. चुकून बार उडालाच तर तो कुठे जाईल, हे बंदूक उचलायच्या आधी ठरवायचं, उचलल्यावर नाही. दुसरं, चापावरचं बोट. ते ट्रिगर गार्डच्या बाहेर, बाजूने सरळ ताणलेलं. माणूस दचकला, ठेचकाळला की हाताची मूठ आपोआप आवळते. बोट आत असेल तर तेही आवळतं. तिसरं, पलीकडे काय आहे. बारीक छर्रे दोन-अडीचशे मीटरपर्यंत जातात, पण रखवालदाराकडच्या एलजी किंवा एसजी काडतुसातले मोठे छर्रे सहा-सातशे मीटर जाऊ शकतात. एवढ्या अंतरात आपल्याकडे एखादी वस्ती, रस्ता, उसात पाणी देणारा माणूस असतोच.

सुरक्षित दिशा कोणती, हा प्रश्न घरात अवघड होतो. "जमिनीकडे धरा" असं सगळे सांगतात, पण सोलापुरात निम्म्या घरांत खाली शहाबादी फरशी असते. दगडावर आपटलेला छर्रा उसळतो आणि पायात किंवा समोरच्याच्या अंगात शिरतो. वर धरली तर पत्रा, नाहीतर वरच्या मजल्यावर कुणीतरी. साडेचार इंची विटेच्या भिंतीवर जवळून मारलेल्या एलजीच्या बाबतीत भरवसा ठेवू नये. म्हणून तपासणी शक्यतो बाहेर, नांगरलेल्या किंवा मऊ मातीकडे तोंड करून, आपल्यापासून दोन-तीन मीटर पुढे. उन्हाळ्यात तापून कडक झालेला मुरूम किंवा खडकाळ माळ मऊ मातीत धरू नका. बँक, कारखाना अशा ठिकाणी कोपऱ्यात बारीक वाळूने भरलेला मोठा पिंप ठेवावा. खडी नको, वाळूच. नळीचं तोंड वाळूकडे रोखायचं, वाळूत खुपसायचं नाही. खुपसलं तर नळीत वाळू जाते आणि पुढचा बार नळी फोडू शकतो.

दुनळी तपासणं

उजवा हात दस्त्याच्या मानेवर, बोट बाहेर. डावा हात नळ्यांखालच्या लाकडावर. तोंड ठरवलेल्या दिशेला. मग:

१. सेफ्टी मागे, म्हणजे सेफवर आहे का ते बघा. नसेल तर करा. बिनघोड्याच्या बऱ्याच दुनळ्यांत बंदूक उघडली की सेफ्टी आपोआप मागे येते, पण सगळ्यांत नाही.

२. अंगठ्याने टॉप लिव्हर उजवीकडे पूर्ण ढकला आणि डाव्या हाताने नळ्यांना आधार देत त्या खाली येऊ द्या. झटका देऊन, एका हाताने पाडू नका. बिजागरी ढिली होते, आणि झटक्यात नळीचं तोंड कुठे जाईल त्यावर ताबा राहत नाही.

३. बंदूक पूर्ण उघडली पाहिजे, अडकेपर्यंत. अर्धवट उघडलेल्या बंदुकीत एक्स्ट्रॅक्टर पुरता वर येत नाही आणि काडतुसाचं पितळी बूड सावलीत दिसत नाही.

४. दोन्ही चेंबर बघा. काडतूस दिसलं तर कडेला धरून बाहेर काढा, एका वेळी एक, आणि खिशात किंवा टेबलावर ठेवा. दोन निघाली तर दोन मोजा.

५. आता नळ्या उजेडाकडे करून मागून आरपार बघा. दोन्ही नळ्यांतून उजेडाची गोल चकती स्वच्छ दिसली पाहिजे. एकीत जरी अंधार असेल तर आत काहीतरी आहे.

६. करंगळी दोन्ही चेंबरमध्ये घाला. रात्री, वीज गेलेली असताना किंवा चष्मा घरी राहिला असताना हीच तपासणी उपयोगी पडते.

७. नजर दुसरीकडे वळवा, आणि पुन्हा एकदा दोन्ही चेंबर बघा. हे वेडेपणाचं वाटतं. पण पहिल्या वेळी माणूस जे दिसेल असं धरून चालतो तेच बघतो.

यानंतर बंदूक लगेच बंद करायची गरज नाही. उघडी दुनळी उडत नाही, आणि उघडी आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला लांबूनही दिसतं. हातात असेल तोवर उघडीच ठेवा. बंद करायची वेळ आली की नळ्या वर उचलून दस्त्याला भिडवू नका. नळ्या खाली रोखलेल्या तशाच ठेवून दस्ता वर आणा, म्हणजे तोंड मातीकडेच राहतं.

कुठे फसायला होतं

अपघात बहुतेक न तपासल्यामुळे होतात, हे खरं. पण तपासूनही फसलेले असतात, त्यांची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण इजेक्टर. काही बंदुकांत उडालेलं काडतूस उघडताक्षणी बाहेर फेकलं जातं आणि न उडालेलं नुसतं थोडं वर येऊन आतच राहतं. एक रिकामं टरफल उडून पडलेलं बघून माणूस समजतो की बंदूक रिकामी झाली. दुसऱ्या नळीत भरलेलं तसंच असतं.

दुसरं, घसरलेली कड. झिजलेल्या एक्स्ट्रॅक्टरवरून काडतुसाची कड सटकते, एक्स्ट्रॅक्टर वर येतो आणि काडतूस चेंबरमध्येच बसून राहतं. ओल लागून फुगलेल्या जुन्या कागदी काडतुसांच्या बाबतीत हे जास्त होतं. अशा वेळी काडतूस सुरीने, पान्याने उचकटू नका. बुडाच्या मधोमध मार बसला की पेट घेणारी टोपी असते, तिलाच मार बसायचा.

तिसरं कारण सगळ्यात घातक, आणि नवख्यांना ते ठाऊकच नसतं. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. वीस बोअरला त्याच हिशेबाने २० गोळ्या, म्हणजे बोअरचा आकडा मोठा तशी नळी बारीक. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमध्ये टाकलं तर ते घरंगळत पुढे जातं आणि चेंबर जिथे निमुळतं होतं तिथे अडकतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामं. मग माणूस बारा बोअरचं काडतूस भरतो, चाप ओढतो, मागचा बार पुढच्या काडतुसावर आपटतो आणि नळी फुटते, ती बहुधा डाव्या हाताच्या जवळच. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा आहे. घरात दोन्ही बोअर असतील तर काडतुसं एका डब्यात, एका पट्ट्यात कधीही नकोत. पाचव्या पायरीतली उजेडाची चकती याच्यासाठी आहे.

चौथं, टोपीवरचा खड्डा. उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर मधोमध खड्डा असतो, त्यामुळे खड्डा दिसला की लोक ते रिकामं धरतात. पण टोपीवर मार बसूनही न उडालेल्या काडतुसावर अगदी तसाच खड्डा असतो. बाहेर काढून तोंडाकडून बघितल्याशिवाय निकाल नाही.

वजनावरून अंदाज तर करूच नका. काडतूस असतं ४५-५० ग्रॅमचं आणि बंदूक तीन किलोच्या पुढची. हातात फरक कळत नाही. आणि रिकामी आहे का बघायला चाप ओढून बघणारे आहेत, त्यांच्याविषयी काय बोलावं? ती तपासणी नव्हे, तो बारच आहे.

सेफ्टीबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला आहे. बऱ्याच दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा ताणलेलाच असतो. बंदूक दगडावर पडली, घोडा अडवून धरणारी आतली खाच झिजलेली असली, तर सेफ्टी असूनही बार उडू शकतो.

घोड्याची जुनी बंदूक

बाहेरचे घोडे असलेली दुनळी भरलेली मिळाली आणि घोडे मागे ताणलेले असले, तर आधी घोडे हलके खाली सोडायचा मोह होतो. तिथेच अंगठा घसरतो. बहुतेक बंदुका घोडे ताणलेले असतानाही उघडतात. म्हणून आधी उघडा, काडतुसं काढा, चेंबर बघा, आणि मग घोडे एकेक करून सोडा. फार जुन्या बंदुकांत खाली असलेला घोडा थेट टोपीवर आपटणाऱ्या पिनेवर टेकलेला असतो आणि पीन काडतुसाच्या टोपीला भिडलेली. अशी बंदूक भरून, घोडा खाली ठेवून नेणं म्हणजे नुसत्या ठोक्याने बार होण्याची सोय. ती वापरात आणण्याआधी परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे दाखवा. तो वापरू नका म्हणाला तर ऐका.

एकनळीला वेगळं काही सांगायला नको. पायऱ्या त्याच, नळी एक.

पंप ॲक्शन

इथे काडतुसं दोन जागी असतात, चेंबरमध्ये आणि खालच्या मॅगझिनमध्ये. एक जागा बघून दुसरी विसरणं, ही पंपातली नेहमीची चूक. तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी सेफवर. ॲक्शन सोडायची छोटी कळ, बहुधा ट्रिगर गार्डच्या पुढे किंवा मागे असते, ती दाबून पुढची पकड सावकाश मागे घ्या. चेंबरमधलं काडतूस बाजूच्या खिडकीत येईल, ते हाताने काढा. मग बंदूक तशीच तोंड न हलवता थोडी कलती करा, खालच्या दारातून मॅगझिनच्या तोंडाशी बोट न्या आणि काडतुसं अडवणारा पट्टा दाबा. एकेक काडतूस मागे सरकत येईल. संपली की मॅगझिनच्या तोंडाशी स्प्रिंगवरची टोपी, म्हणजे फॉलोअर, दिसला पाहिजे. काही बंदुकांत तो केशरी किंवा पिवळा असतो, मुद्दाम दिसावा म्हणून. शेवटी खिडकीतून चेंबर डोळ्याने आणि करंगळीने तपासा.

पकड भराभर मागे-पुढे करून काडतुसं बाहेर फेकायची पद्धत दिसायला झकास आहे. पण त्यात प्रत्येक काडतूस उडण्याच्या जागेवर जाऊन मग बाहेर पडतं, आणि या घाईत बोट कुठे आहे याकडे कुणाचं लक्ष नसतं.

ठासणीची

ही उघडत नाही, म्हणून आत बघता येत नाही. फुंकर मारून बघणं, तोंडावर तळहात ठेवणं, वरून डोकावणं, यातलं काहीही करायचं नाही. ठासलेली काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. भिंतीवर शोभेला टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीला लोक खेळण्यासारखं वागवतात, ते याच कारणाने वाईट.

तोंड दूर, अंगावेगळं ठेवून आधी निपलवर, म्हणजे घोडा आपटतो त्या मागच्या बारीक चोचीवर, टोपी आहे का ते बघा. असली तर काढा. घोडा टोपीवर टेकलेला असेल आणि सहज उचलत नसेल तर पुढे हात लावू नका. टोपी निघाल्यावर लाकडी गज बाजूने, नळीच्या तोंडासमोर हात किंवा चेहरा न आणता आत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या बाजूने धरा, खूण तोंडाशी जुळवून. गजाचं दुसरं टोक मागे निपलच्या जवळपास पोचलं तर नळी रिकामी. चार-सहा बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी ठासलेलं आहे. ते काढणं तुमचं काम नाही. बंदूक न हलवता परवानाधारक दुरुस्तीवाल्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवा.

बंदूक देणं-घेणं

रखवालदारांची पाळी बदलते तेव्हा हा प्रकार रोज होतो, आणि रोज होतो म्हणूनच ढिला होतो. पद्धत एकच: देणारा उघडून, दोन्ही चेंबर दाखवून, उघडीच देतो. घेणारा स्वतः बघतो, बोट घालतो, मग हात लावतो. "आत्ताच बघितली की साहेब" असं दुसऱ्याने म्हटलं तरी पुन्हा बघायची. यात अपमान कुणाचा नाही. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार हे न सांगता करतात, त्यांच्याकडून बघून घ्या.

ग्राहक बसतात त्या हॉलमध्ये ही देवघेव नको. आत, वाळूच्या पिंपाशी. पट्ट्यातली काडतुसं मोजून वहीत लिहा, दोघांची सही. दहा दिलेली असतील आणि नऊच सापडत असतील, तर दहावं चेंबरमध्ये असू शकतं हे आधी डोक्यात यायला हवं.

खुर्चीत बसलेला रखवालदार, दस्ता फरशीवर आणि नळीच्या तोंडावर दोन्ही हात, त्यावर हनुवटी. हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की कुणाला खटकतच नाही. बसायचं असेल तर बंदूक बाजूला, तोंड स्वतःकडे किंवा रांगेकडे नाही अशा रीतीने, आणि चेंबर भरलेलं ठेवायचं की नाही हे तुमच्या आस्थापनेच्या लेखी आदेशाप्रमाणे. लेखी आदेश नसेल तर मागून घ्या.

शेतात

बांध, ओढा, तारेचं कुंपण, विहिरीचा काठ, वेडी बाभूळ. यातलं काहीही ओलांडायच्या आधी बंदूक उघडून काडतुसं काढायची. तारेखालून जायचं असेल तर बंदूक उघडी, तोंड आपल्याविरुद्ध दिशेला ठेवून आधी पलीकडे सरकवायची, मग आपण जायचं. तोंडाकडून ओढून घ्यायची नाही. पडल्यावर, घसरल्यावर, नळी चिखलात टेकल्यावर पुन्हा उघडून आरपार बघा. काळ्या रानातला चिखलाचा गोळा किंवा उसाच्या पाचटाचा बोळा नळीत गेला तर बार केल्यावर नळी फुगते किंवा फाटते.

हुरड्याच्या दिवसांत वस्तीवर पाहुणे असतात, पोरं असतात. त्या दिवशी बंदूक कुलपात. शाळूवरची पाखरं हाकायला गोफण पुरते. आणि नान्नज, मार्डीच्या बाजूला राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं: माळढोक अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या शस्त्राची नोंद वन्यजीव विभागाकडे करावी लागते. काळवीट पिकात शिरतं म्हणून बंदूक उचलणं हा सरळ गुन्हा आहे.

चाप ओढला आणि बार झाला नाही

बंदूक उघडायची नाही. तोंड होतं तिकडेच धरून मोजून किमान ३० सेकंद थांबायचं. कधी कधी दारू उशिरा पेट घेते आणि बार काही क्षणांनी होतो. लगेच उघडली तर तो स्फोट मागच्या बाजूने चेहऱ्यावर येतो. ३० सेकंदांनंतर चेहरा बाजूला ठेवून उघडा, काडतूस काढून वेगळं ठेवा, पुन्हा भरू नका.

उलट प्रकारही होतो. बार झाला, पण आवाज फुसका आणि धक्का जवळजवळ नाही. अशा वेळी आतला बोळा किंवा छर्रे नळीत अडकून राहिलेले असू शकतात. दुसरा बार करायच्या आधी उघडा, दोन्ही काडतुसं काढा आणि आरपार उजेड बघा. उजेड नसेल तर बंदूक दुरुस्तीला.

काडतुसं

आपल्याकडे बहुतेक काडतुसं शक्तिमान नावाची, पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. विकत घेताना लांबी बघा. नळीच्या खालच्या बाजूला चेंबरची लांबी कोरलेली असते, ६५ किंवा ७० मिलिमीटर, जुन्या बंदुकांवर इंचात अडीच किंवा पावणेतीन. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण ही लांबी उडून उघडल्यानंतरची मोजलेली असते. बसलं म्हणून चालतं असं नाही. उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो. बंद गाडीत, डॅशबोर्डवर, पत्र्याच्या खोलीत काडतुसं ठेवू नका. तेलाच्या बोळ्याशेजारीही नको, तेल टोपीत झिरपलं की काडतूस मरतं आणि ऐनवेळी उडत नाही. फुगलेली, हिरवट डाग पडलेली, वाकलेली काडतुसं कचऱ्यात, चुलीत, विहिरीत टाकायची नाहीत. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्यायची. शिकवायला जिवंत काडतूस वापरू नये, त्यासाठी नकली काडतुसं मिळतात.

घरात

बंदूक आणि काडतुसं दोन वेगळ्या कुलपांत, किल्ल्या दोन वेगळ्या जागी. दुनळी सहज तीन तुकड्यांत होते: आधी नळ्यांखालचं लाकूड, मग नळ्या, उरला दस्ता. सुटी करून ठेवली तर मुलांच्या हाती लागली तरी बंदूक होत नाही. पुसायला बसताना आधी वरच्या सातही पायऱ्या, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत. गज मागून पुढे घाला, ब्रश, मग कोरडं फडकं, शेवटी हलकं तेल. तेल थापू नका, आपल्या धुळीत त्याचा चिकटा होतो आणि कळा अडकतात.

परवानाधारक वारला तर बंदूक वारसाच्या नावावर आपोआप होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. शहरात राहात असाल तर पोलीस आयुक्तालयात, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयात. वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. नवरदेवाच्या मामाचा आग्रह हे त्यावर उत्तर नाही.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायचा आदेश आला तर ठाण्यात बंदूक उघडी, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या डब्यात मोजून न्या. पोचपावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांचा आकडा लिहून घ्या. नेण्याआधी नळ्यांना आतून-बाहेरून हलका तेलाचा हात द्या, कारण बंदूक तिथे महिनोन्महिने पडून राहू शकते. परत मिळाली की ठाण्यातच उघडून चेंबर बघा, आणि घरी आल्यावर, पहिलं काडतूस भरायच्या आधी, नळ्यांतून उजेड. गंज तर असतोच, पण कधी कुंभारीण माशी नळीत मातीचं घर बांधून गेलेली असते. ते वाळून दगडासारखं होतं. काठीने टोकरून अर्धवट काढू नका. गजाला ब्रश लावून मागून पुढे पूर्ण साफ करा, पुन्हा आरपार बघा आणि नळीला आतून ओरखडा किंवा फुगवटा दिसला तर वापरण्याआधी दुरुस्तीवाल्याला दाखवा.